एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी कॅथलिक बिशपांचा पत्रव्यवहार वाचताना : नव्या अभ्यासकांसाठी मार्गदर्शन

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कॅथलिक बिशपांनी एकोणिसाव्या शतकात परस्परांना आणि रोमला लिहिलेली हजारो पत्रे आज अभिलेखागारांत सुरक्षित आहेत. त्यांपैकी बऱ्याच पत्रांचे सारांश घरबसल्या वाचता येतात, त्यामुळे धर्मसंस्थांच्या प्रशासनाचा इतिहास अभ्यासू पाहणाऱ्याला ती सहज जवळची वाटतात. प्रत्यक्षात पहिली दहा-वीस पत्रे वाचल्यावर नवा वाचक बहुधा गोंधळतो. कुणी कर्जाविषयी लिहितो, कुणी एखाद्या धर्मगुरूच्या वर्तनाविषयी, कुणी तीन नावांची यादी पाठवतो, आणि यांतला नेमका अधिकार कोणाचा हे कुठेच सांगितलेले नसते. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला ते ठाऊकच होते. म्हणून या पत्रांत शिरताना आधी लेखकाचा हुद्दा आणि त्याच्या अधिकाराची मर्यादा समजून घ्यावी, त्याच्या स्वभावाचा आणि मतांचा विचार त्यानंतर करावा, असे मी आग्रहाने सांगेन. पुढील सर्व पायऱ्या या एका सूत्रावर उभ्या आहेत.

पहिली पायरी : अधिकाराची उतरंड कागदावर मांडून घ्या

अमेरिकेतील पहिला धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपाच्या अधिकाराखालचा प्रदेश, 1789 साली बाल्टिमोर येथे स्थापन झाला आणि जॉन कॅरल हे त्याचे पहिले बिशप झाले. 1808 साली बाल्टिमोरला महाधर्मप्रांताचा दर्जा मिळाला आणि बोस्टन, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया व केंटकीतील बार्ड्सटाउन हे चार नवे धर्मप्रांत निर्माण झाले. पुढची जवळजवळ चार दशके देशात आर्चबिशप, म्हणजे महाधर्मप्रांताचा बिशप, एकच होता. 1846 साली ऑरेगन सिटी, 1847 साली सेंट लुईस आणि 1850 साली न्यूयॉर्क, सिनसिनाटी व न्यू ऑर्लिन्स यांना हा दर्जा मिळाला. त्यामुळे 1840 सालच्या पत्रात नुसते ‘आर्चबिशप’ म्हटले असेल तर ते बाल्टिमोरचे, हे गृहीत धरता येते. 1855 सालच्या पत्राविषयी तसे म्हणता येत नाही.

आर्चबिशप हा इतर बिशपांचा वरिष्ठ अधिकारी होता, असे मात्र समजू नये. तो आपल्या प्रांताची, म्हणजे त्याच्याभोवतीच्या धर्मप्रांतांच्या गटाची, परिषद बोलावत असे आणि तिचे अध्यक्षस्थान भूषवत असे. शेजारच्या बिशपाच्या कारभारात थेट हुकूम देण्याचा अधिकार त्याला जवळपास नव्हता. खरा निर्णय रोममध्ये, 1622 साली स्थापन झालेल्या ‘प्रोपगांडा फिदे’ या धर्मप्रसार मंडळाकडे होत असे. अमेरिका ‘मिशनचा प्रदेश’ मानली जात असल्याने 1908 पर्यंत तिचा सारा कारभार याच मंडळाच्या अखत्यारीत होता. शिवाय 1893 पर्यंत पोपचा कायमचा प्रतिनिधीही अमेरिकेत नव्हता. त्या वर्षी फ्रान्चेस्को सातोली यांच्यापासून ती व्यवस्था सुरू झाली. याचा परिणाम पत्रांच्या सुरावर झालेला दिसतो. दोन बिशपांत वाद झाला की तो मिटवणारा अधिकारी समुद्रापलीकडे होता, म्हणून प्रत्येक बिशप आपल्या बाजूने आणखी बिशपांची मते गोळा करीत राही आणि मगच रोमला लिही. सल्ला मागण्याच्या भाषेत लिहिलेली अनेक पत्रे पाठिंबा जमवण्यासाठी लिहिलेली आहेत, हे लक्षात ठेवून ती वाचावीत.

आपल्या अभ्यासाच्या काळापुरता एक तक्ता करावा. त्यात धर्मप्रांताचे नाव, स्थापनेचे वर्ष, बिशपाचे नाव आणि त्याचा कार्यकाळ एवढे असले तरी पुरते. धर्मप्रांतांच्या सीमा सतत बदलत होत्या आणि काही वेळा पीठाचे, म्हणजे बिशपाच्या मुख्य आसनाचे, ठिकाणही बदलत असे. बार्ड्सटाउनचे पीठ 1841 साली लुईव्हिलला हलवले गेले. पत्राच्या तारखेला ते गाव कोणत्या धर्मप्रांतात होते हे आधी पडताळावे.

दुसरी पायरी : सहीवर थांबा

बिशप सही करताना नावाआधी लहानसा क्रूस काढत आणि आडनाव न लिहिता नाव व पीठ लिहीत. न्यूयॉर्कचे जॉन ह्यूज यांच्या सहीतील असा क्रूस खंजिरासारखा दिसे, आणि त्यावरून विरोधकांनी त्यांना ‘डॅगर जॉन’ हे नाव दिले. ‘फ्रान्सिस पॅट्रिक, बिशप ऑफ अॅराथ’ अशी सही पाहून अमेरिकेच्या नकाशात अॅराथ शोधणारा वाचक निराश होईल, कारण ते आशिया मायनरमधील एक लुप्त प्राचीन पीठ आहे. ज्या बिशपाकडे स्वतःचा धर्मप्रांत नसे त्याला अशा जुन्या पीठाची पदवी दिली जाई. उत्तराधिकाराच्या हक्कासह नेमलेला सहायक बिशप, म्हणजे कोअॅडज्युटर, हा या प्रकारातला. ह्यूज 1838 साली न्यूयॉर्कचे कोअॅडज्युटर झाले तेव्हा त्यांची पदवी बॅसिलिओपोलिसची होती.

अॅराथचे हे बिशप म्हणजे फ्रान्सिस पॅट्रिक केनरिक. त्यांच्या फिलाडेल्फियातील पहिल्या वर्षांची पत्रे हुद्दा न पाहता वाचली तर चुकीचा अर्थ लागण्याची मोठी शक्यता असते, म्हणून तो प्रसंग थोडा सविस्तर पाहू.

फिलाडेल्फियाचे बिशप हेन्री कॉनवेल 1820 च्या अखेरीस तेथे आले आणि लगेचच सेंट मेरीज चर्चमधील विल्यम होगन या धर्मगुरूशी व त्याला पाठीशी घालणाऱ्या सामान्यजन (धर्मगुरू नसलेल्या) विश्वस्तांशी त्यांचा संघर्ष सुरू झाला. होगनला 1821 साली बहिष्कृत करण्यात आले, तरी विश्वस्तांनी चर्चचा ताबा सोडला नाही. अखेर 1826 साली कॉनवेल यांनी विश्वस्तांशी करार केला आणि धर्मगुरूंच्या नेमणुकीत त्यांना बराच अधिकार देऊन टाकला. प्रोपगांडाने 1827 साली तो करार अमान्य केला आणि कॉनवेल यांना रोमला बोलावून घेतले. त्यांच्या गैरहजेरीत वॉशिंग्टनचे धर्मगुरू विल्यम मॅथ्यूज यांनी प्रशासक म्हणून कारभार पाहिला. पुढे कॉनवेल परत आले, तरी त्यांना पदवी तेवढी राहिली. 1830 साली केनरिक यांना कोअॅडज्युटर नेमताना धर्मप्रांताचा संपूर्ण कारभार रोमने त्यांच्याच हाती दिला होता.

म्हणजे 1830 ते 1842, कॉनवेल यांच्या मृत्यूपर्यंत, ‘फिलाडेल्फियाचे बिशप’ म्हणून सही करणाऱ्याच्या हाती अधिकार नव्हता आणि ज्याच्या हाती अधिकार होता तो अॅराथचा बिशप म्हणून सही करीत होता. कॉनवेल यांच्या तक्रारींची पत्रे आपल्या हक्कांच्या भाषेत लिहिलेली आहेत. ती वाचून केनरिक यांनी सत्ता बळकावली असे नवख्याला वाटू शकते. नेमणुकीची शर्त ठाऊक असेल तरच 1831 च्या एप्रिलमध्ये सेंट मेरीजमधील उपासना बंद करण्याचा कठोर निर्णय केनरिक कोणत्या बळावर घेऊ शकले, हे कळते. विश्वस्तांना तेव्हा माघार घ्यावी लागली.

तिसरी पायरी : कागद वाचा

मूळ पत्राचे छायाचित्र उपलब्ध असेल तर मजकुराकडे वळण्याआधी कागद पाहावा. 1845 पूर्वी अमेरिकेत टपालखर्च अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरत असे. चारशे मैलांपलीकडे एका कागदाला 25 सेंट लागत, दोन कागदांना त्याच्या दुप्पट, आणि हा खर्च बहुधा पत्र घेणाऱ्याला सोसावा लागे. म्हणून एकच मोठा कागद मधोमध दुमडून त्याची चार पाने करीत. तीन पानांवर मजकूर लिहून चौथ्याचा मधला भाग पत्त्यासाठी मोकळा सोडत आणि पत्राची घडी घालून त्यावर लाखेचा शिक्का मारत. जागा संपली की उरलेला मजकूर समासात किंवा पत्त्याच्या वर-खाली लिहिला जाई, आणि कित्येकदा घाईने लिहिलेली खरी बातमी तिथेच सापडते. शिक्का फोडताना कागद फाटल्यामुळे एखादा शब्द गळालेला असतो. तो अंदाजाने भरू नये, टिपणात तशी नोंद करावी. 1845 च्या कायद्याने दर वजनावर ठरू लागला आणि 1851 नंतर आगाऊ भरलेल्या तीन सेंटांत पत्र तीन हजार मैलांपर्यंत जाऊ लागले. त्यानंतर पत्रे वाढतात, लहान होतात आणि एका पत्रात एकच विषय येऊ लागतो.

पत्त्याच्या बाजूला घेणाऱ्याच्या किंवा त्याच्या सचिवाच्या हस्ताक्षरात पाठवणाऱ्याचे नाव, तारीख आणि कधी ‘उत्तर दिले’ अशी नोंद आढळते. या नोंदीकडे दुर्लक्ष करू नये, कारण हरवलेले उत्तर अस्तित्वात होते याचा अनेकदा तोच एकमेव पुरावा असतो.

तारखांबाबत दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. मजकुरात तारखेपुढे ‘इन्स्टंट’चे संक्षिप्त रूप असेल तर ती चालू महिन्याची तारीख आणि ‘अल्टिमो’चे असेल तर मागील महिन्याची. तसेच महिन्याच्या जागी सातचा आकडा आणि त्यापुढे ‘बर’ किंवा फ्रेंच पत्रांत ‘ब्र’ ही अक्षरे असतील तर तो सप्टेंबर होय, जुलै नव्हे; आठचा ऑक्टोबर, नऊचा नोव्हेंबर. अनेक सूच्यांमध्ये याच कारणाने पत्रे चुकीच्या महिन्यात लागलेली असतात.

चौथी पायरी : काम कोणते ते ओळखा

प्रशासकीय पत्रांतील बहुतेक कामे ठरावीक प्रकारांत बसतात. धर्मगुरूला एका धर्मप्रांतातून दुसऱ्यात जायचे असेल तर त्याच्या बिशपाचे ‘एक्झिआट’, म्हणजे सोडपत्र, लागे. भटक्या आणि वादग्रस्त धर्मगुरूंचा प्रश्न त्या काळात मोठा असल्याने अशी विचारपूस पुष्कळ आढळते. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांच्या विवाहासारख्या बाबींत सूट देण्याचे अधिकार रोम बिशपांना ठरावीक मुदतीसाठी देत असे, आणि मुदत संपत आली की नूतनीकरणाची पत्रे सुरू होत. या पत्रांवर सुरुवातीला फार वेळ घालवू नये. नेमणुका आणि मालमत्ता हे दोन विषय मात्र बारकाईने वाचण्याजोगे आहेत, कारण साऱ्या शतकाचा ताण त्यांत उमटलेला आहे.

बिशपाची नेमणूक ‘तेर्ना’ने, म्हणजे तीन नावांच्या यादीने होत असे. 1833 च्या बाल्टिमोर प्रांतीय परिषदेने तिची पद्धत बांधून दिली. नावे योग्यतेच्या उतरत्या क्रमाने ‘दिग्निसिमुस’, ‘दिग्निऑर’ आणि ‘दिग्नुस’ अशा लॅटिन श्रेणींत मांडली जात. यादी प्रोपगांडाकडे जाई, पण तिच्याबरोबर वेगवेगळ्या बिशपांची गोपनीय मतेही जात, आणि रोमवर यादीतील पहिलेच नाव घेण्याचे बंधन नव्हते. उमेदवाराची प्रकृती, विद्वत्ता, पैशाच्या व्यवहारातील शहाणपण, भाषा आणि मूळ देश यांविषयी या मतांत मोकळेपणाने लिहिलेले असते. आयरिश, फ्रेंच आणि जर्मन स्थलांतरितांत बिशप कोणाचा व्हावा यावरून तीव्र मतभेद होते. जर्मन कॅथलिकांचे मोठे केंद्र असलेल्या मिलवॉकीत आर्चबिशप हेनी यांचा कोअॅडज्युटर म्हणून 1880 साली मायकेल हाइस यांची नेमणूक झाली तेव्हाही हाच प्रश्न पेटलेला होता. 1884 च्या बाल्टिमोरच्या तिसऱ्या सर्वसाधारण परिषदेने ज्येष्ठ धर्मगुरूंच्या एका वर्गाला नावे सुचवण्याचा अधिकार दिला. त्यानंतर एका जागेसाठी धर्मगुरूंची एक आणि बिशपांची एक अशा दोन याद्या सापडू शकतात, आणि त्यांतील फरक हाच अभ्यासाचा उत्तम विषय ठरतो.

मालमत्तेचा प्रश्न समजण्यासाठी अमेरिकी कायदा थोडा पाहावा लागतो. न्यूयॉर्कच्या 1784 च्या कायद्यासारख्या तरतुदींमुळे चर्चची जमीन आणि इमारत मंडळीने निवडलेल्या विश्वस्तांच्या नावे राहत असे. प्रॉटेस्टंट पंथांना ही रचना सोयीची होती. कॅथलिक व्यवस्थेत मात्र धर्मगुरू नेमण्याचा अधिकार बिशपाचा असल्याने, पगार देणारे विश्वस्त आणि नेमणूक करणारा बिशप यांच्यात खटके उडू लागले. फिलाडेल्फियाप्रमाणेच नॉरफोक, चार्ल्सटन, बफेलो आणि न्यू ऑर्लिन्स येथेही हा वाद झाला. न्यू ऑर्लिन्सचे बिशप अँटनी ब्लँक यांची 1840 च्या दशकातील पत्रे त्याने व्यापलेली आहेत. 1829 च्या पहिल्या प्रांतीय परिषदेने चर्चची मालमत्ता शक्य तेथे बिशपाच्या नावे असावी असे ठरवले. त्या परिषदेने ज्या वकिलांचा सल्ला घेतला त्यांत पुढे देशाचे सरन्यायाधीश झालेले रॉजर टॅनी होते. चार्ल्सटनचे बिशप जॉन इंग्लंड यांनी मात्र निराळी वाट धरली. त्यांनी 1823 मध्ये आपल्या धर्मप्रांतासाठी लेखी घटना तयार करून धर्मगुरू आणि सामान्यजन यांना मर्यादित सहभाग दिला. इतर बिशपांनी त्यांचे अनुकरण केले नाही. माझ्या मते त्या शतकातील सर्वांत विचारपूर्वक केलेला प्रशासकीय प्रयोग तो होता, आणि सहकाऱ्यांनी त्याविषयी दाखवलेला संशय इंग्लंड यांच्या कल्पनांपेक्षा सहकाऱ्यांना वाटणाऱ्या विश्वस्तांच्या भीतीतून आला होता.

बिशपाच्या नावे मालमत्ता ठेवण्याचा उपाय पुढे सिनसिनाटीत अंगाशी आला. आर्चबिशप जॉन बॅप्टिस्ट पर्सेल यांचे बंधू फादर एडवर्ड पर्सेल हे दीर्घकाळ श्रद्धाळूंच्या ठेवी सांभाळत होते. ही अनौपचारिक पेढी 1878 च्या अखेरीस कोसळली तेव्हा देणे सुमारे 40 लाख डॉलरचे निघाले. आर्चबिशपांच्या नावावरील चर्च ठेवीदारांना विकता येतील काय, हा प्रश्न न्यायालयात गेला आणि वर्षानुवर्षे चालला. 1880 साली नाचेझचे बिशप विल्यम एल्डर तेथे कोअॅडज्युटर म्हणून आले. त्यानंतर इतर बिशपांच्या पत्रांतही जमिनीची खरेदीखते, विम्याच्या पॉलिसी आणि ठेवी यांविषयीची काळजी एकाएकी का वाढते, याचे कारण बव्हंशी याच घटनेत आहे.

पाचवी पायरी : उत्तर शोधा आणि दोन्ही पत्रे एकत्र वाचा

एकटे पत्र म्हणजे अर्धाच व्यवहार. बहुतेक बिशपांनी आलेली पत्रे जपली, पाठवलेल्यांची नक्कल मात्र सर्वांनी ठेवली नाही. म्हणून केनरिक यांचे पत्र फिलाडेल्फियात न शोधता ते ज्याला लिहिले त्याच्या दप्तरात शोधावे.

सुरुवात करण्यासाठी नोत्र दाम विद्यापीठाचे अभिलेखागार हे सर्वांत सोयीचे ठिकाण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील प्राध्यापक व ग्रंथपाल जेम्स एडवर्ड्स यांनी देशभरातील बिशपांना लिहून जुनी कागदपत्रे मागवली आणि नष्ट होण्याच्या मार्गावर असलेले पुष्कळ साहित्य वाचवले. सिनसिनाटी आणि न्यू ऑर्लिन्सच्या पत्रांचे मोठे संच तेथे आहेत, आणि एकेका पत्राचा इंग्रजी सारांश तारखेनुसार इंटरनेटवर उपलब्ध आहे. हा सारांश वाटाड्या म्हणून अमूल्य आहे. अवतरण म्हणून मात्र तो कधीही वापरू नये. मूळ पत्र फ्रेंच किंवा लॅटिन असू शकते, आणि ‘आर्थिक अडचणींविषयी लिहितात’ या एका ओळीमागे दोन पानांचा हिशेब दडलेला असू शकतो. कॅरल यांच्यापासून कार्डिनल गिबन्स यांच्यापर्यंतची बाल्टिमोरच्या आर्चबिशपांची कागदपत्रे बाल्टिमोरमधील सेंट मेरीज सेमिनरीच्या संयुक्त अभिलेखागारात आहेत.

रोमची बाजू प्रोपगांडाच्या ऐतिहासिक अभिलेखागारात सापडते. तेथे ‘आक्ता’ या मालिकेत मंडळाच्या बैठकींचे निर्णय, ‘लेत्तेरे’मध्ये पाठवलेली उत्तरे आणि ‘स्क्रित्तुरे रिफेरीते नेइ कोंग्रेस्सी’मध्ये आलेली दैनंदिन पत्रे आहेत. या तिसऱ्या मालिकेत संयुक्त संस्थानांची पत्रे ‘अमेरिका चेंत्राले’, म्हणजे मध्य अमेरिका, या शीर्षकाखाली येतात, कारण कॅनडापासून पनामापर्यंतचा सारा प्रदेश त्या एका विभागात मोडत असे. शीर्षकावरून विभाग वगळला तर नेमके हवे तेच हातचे जाते.

सहावी पायरी : पत्र कोणासाठी लिहिले हे विचारा

काही पत्रे छापण्यासाठीच लिहिलेली असतात. लिऑनची 1822 मध्ये स्थापन झालेली धर्मप्रसार संस्था, व्हिएन्नाची 1829 ची लिओपोल्डिन संस्था आणि म्युनिकची 1838 ची लुडविग मिशन संस्था यांच्या देणग्यांवर अमेरिकेतील गरीब धर्मप्रांत चालत. त्यांना लिहिताना बिशप आपली गरज ठळक करीत आणि अंतर्गत भांडणे वगळीत. त्यातही संपादक काटछाट करीत. त्याच आठवड्यात शेजारच्या बिशपाला लिहिलेले पत्र मिळाले तर दोन्ही समोरासमोर ठेवावीत. 1861 मध्ये चार्ल्सटनचे बिशप लिंच आणि न्यूयॉर्कचे आर्चबिशप ह्यूज यांनी यादवी युद्धाविषयी एकमेकांना लिहिलेली पत्रे वृत्तपत्रात प्रसिद्ध झाली. ती दोन प्रदेशांची जाहीर भूमिका म्हणून वाचावीत, खाजगी कबुली म्हणून नव्हे. शतकाच्या अखेरीस तर बिशपांचे उघड गट पडले होते. सेंट पॉलचे जॉन आयर्लंड यांची बाजू रोममध्ये अमेरिकी कॉलेजचे रेक्टर डेनिस ओकॉनेल सांभाळत, आणि न्यूयॉर्कचे कॉरिगन व रॉचेस्टरचे मॅक्वेड दुसऱ्या बाजूला होते. या काळातील एका गटाचीच पत्रे वाचून निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे.

सातवी पायरी : लहान सुरुवात करा

पहिल्या अभ्यासासाठी एकच प्रश्न, एकच धर्मप्रांत आणि तीन-चार वर्षांचा काळ निवडावा. ज्या वर्षी परिषद भरली ते वर्ष त्यात असेल तर अधिक चांगले, कारण परिषदेच्या आधी आणि नंतर पत्रे दाट होतात. प्रत्येक पत्रासाठी लिहिणारा, त्या दिवशीचा त्याचा हुद्दा, घेणारा, भाषा, मागणी, ती मान्य करण्याचा अधिकार कोणाचा आणि उत्तर मिळाले की नाही, एवढ्याच नोंदी कराव्यात. अधिकाराचा रकाना भरता येत नसेल तर त्या पत्रावरून अजून काही लिहू नये.

वसई, मुंबई किंवा गोव्याच्या चर्चच्या इतिहासात रस असलेल्या मराठी वाचकाला हीच पद्धत उपयोगी पडेल. मुंबईचे व्हिकार अपोस्टोलिक, म्हणजे रोमच्या वतीने कारभार पाहणारे बिशप, याच प्रोपगांडाला उत्तरदायी होते, मात्र तेथे गोव्याच्या आर्चबिशपांचा पाद्रोआदोखालचा, म्हणजे पोर्तुगालच्या राजाला मिळालेल्या चर्चच्या आश्रयहक्काखालचा, अधिकारही शेजारीच नांदत होता आणि 1886 च्या करारापर्यंत दोन्हींचा झगडा चालला. त्यामुळे अधिकाराच्या रकान्यात तेथे दोन दावेदार लिहावे लागतात. त्या पत्रांसाठी प्रोपगांडाच्या त्याच ‘कोंग्रेस्सी’ मालिकेतील ‘इंदिए ओरिएंताली’ हा विभाग उघडावा.